शकटदासाला कुणी बोलावलंच नाही : अमात्य राक्षसाच्या स्वामिनिष्ठेबद्दल

कुसुमपुरकर (धागाकर्ता)

विशाखदत्ताचं संस्कृत नाटक 'मुद्राराक्षस' पहिल्यांदा वाचलं ते परीक्षेपुरतं, आणि अर्थातच चाणक्याच्या बाजूने. गेल्या महिन्यात पुन्हा हातात घेतलं. या खेपेला चाणक्याकडे फारसं लक्षच गेलं नाही. राक्षसाने धरून ठेवलं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नंद मारले गेलेत, पाटलीपुत्राच्या गादीवर चंद्रगुप्त आहे. नंदांचा अमात्य राक्षस शहर सोडून पर्वतकाचा (चंद्रगुप्ताचा मित्रराजा, आता मेलेला) मुलगा मलयकेतू याच्याकडे गेलाय आणि तिथून सूड घ्यायच्या खटपटीत आहे. चाणक्याला त्याला मारायचं नाही. त्याला राक्षस जिवंत हवाय, तोही चंद्रगुप्ताचा मंत्री म्हणून. सात अंक एवढ्यासाठीच चालतात. नायिका नाही, विदूषक नाही, प्रेमाचा एक प्रवेश नाही. रंगमंचावर लढाईसुद्धा नाही. (विशाखदत्त कोणत्या शतकातला यावर कृपया इथे भांडू नका. भरतवाक्यात, म्हणजे शेवटच्या आशीर्वादाच्या श्लोकात, एका पोथीत चंद्रगुप्त येतो, दुसरीत अवंतिवर्मा, तिसरीत दंतिवर्मा. ते भांडण आपल्या हयातीत मिटायचं नाही.)

आता माझा मुद्दा. राक्षसाच्या अवतीभवती कोण कोण आहे ते मोजा. जीवसिद्धी नावाचा क्षपणक (जैन साधू) हा त्याचा जिवलग, आणि तोच चाणक्याचा सहाध्यायी इंदुशर्मा. सिद्धार्थकाने राक्षसाचा लेखनिक मित्र शकटदास याला वधस्थानावरून पळवून आणलं म्हणून राक्षसाने अंगावरचे दागिने काढून त्याला दिले. सिद्धार्थक चाणक्याचा. मलयकेतूच्या कानाशी बसणारा भागुरायण चाणक्याचा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दागिने विकायला आलेले व्यापारी चाणक्याचे, आणि ते दागिने मेलेल्या पर्वतकाचे. सहाव्या अंकात जुन्या बागेत गळ्याला दोर लावून बसलेला माणूस, तोही चाणक्याचाच.

यातल्या एकावरही राक्षसाला वेळेवर संशय येत नाही. अख्ख्या नाटकात तो मनापासून संशय घेतो तो एकाच माणसाचा, शकटदास कायस्थाचा. आणि शकटदास निखळ खरा आहे!

पाचव्या अंकात राक्षस चंद्रगुप्ताला फितूर आहे असं दाखवणारं बनावट पत्र मलयकेतूपुढे येतं. अक्षर शकटदासाचं, शिक्का राक्षसाच्या अंगठीचा. हे पत्र कसं तयार झालं ते आपल्याला पहिल्याच अंकात कळलेलं असतं. श्रोत्रियांचं अक्षर कितीही जपून काढलं तरी लागत नाही, असं चाणक्य म्हणतो (मला दर वेळी हसू येतं, आमच्या वडिलांचं अक्षर आठवतं) आणि सिद्धार्थकाला शकटदासाकडून मजकूर लिहून आणायला पाठवतो. शकटदास बिचारा कुणासाठी, कशासाठी हे माहीत नसताना लिहून देतो.

मलयकेतू म्हणतो, बोलवा शकटदासाला. भागुरायण घाईने आडवा येतो : राक्षसासमोर तो कशाला कबूल करेल, त्यापेक्षा त्याच्या हातचं दुसरं काही लिखाण आणा, अक्षर ताडून बघू. भागुरायणाला धाकधूक आहे, कारण शकटदास आला असता तर पत्र बघताच सगळा प्रकार सांगून मोकळा झाला असता. दोन्ही अक्षरं जुळतात. आणि राक्षस, ज्याची सगळी बाजू या एका साक्षीवर तरली असती, तो 'थांबा, त्याला इथे उभा करा' असं म्हणत नाही. तो मनाशी धरून बसतो की शकटदास फितला.

इतकं इमान ज्याच्या अंगात, त्याला दुसऱ्याचं इमान ओळखू का येऊ नये? मला हा प्रश्न चाणक्याच्या सगळ्या हुशारीपेक्षा मोठा वाटतो.

---

फटकळभाऊ

लेखन चांगलं आहे, पण इतका हळवा विचार कशाला? राक्षस कामात कच्चा होता, विषय संपला. त्याचा हिशेब काढा. विषकन्या पाठवली चंद्रगुप्तावर, मेला पर्वतक, म्हणजे स्वतःच्याच भावी मित्राचा बाप. तोरण पाडायचं ठरवलं चंद्रगुप्तावर, मेला पर्वतकाचा भाऊ वैरोधक. वैद्य अभयदत्ताने विष कालवलं, चाणक्याला सोन्याच्या भांड्यात रंग बदललेला दिसला आणि वैद्यालाच ते प्यावं लागलं. शयनगृहाच्या भिंतीत माणसं लपवली, तर फटीतून मुंग्या भाताची शितं घेऊन बाहेर आल्या आणि बिंग फुटलं. मुंग्यांनी हरवलेला मुत्सद्दी आहे हा!

---

कुसुमपुरकर

फटकळभाऊ, मुंग्यांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पण एक बघा. ही सगळी बातमी आणतो विराधगुप्त, गारुड्याच्या वेशात. तो एकेक अपयश सांगतो आणि राक्षस दर वेळी विचारतो, आणि मग त्या माणसाचं काय झालं? कट फसला याच्याइतकाच तो माणूस गेला याचा त्याला चटका बसतो. कच्चा मुत्सद्दी म्हणा हवं तर. मला तो त्या जागी फार जवळचा वाटला.

---

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून थोडी भर.

राक्षस खुजा असता तर चाणक्याने त्याच्यासाठी एवढा खटाटोप केलाच नसता. पहिल्या अंकात त्याचं कौतुक कोण करतं? त्याचा शत्रूच. 'भर्तुर्ये प्रलयेऽपि पूर्वसुकृतासङ्गेन निःसङ्गया भक्त्या कार्यधुरं वहन्ति कृतिनस्ते दुर्लभास्त्वादृशाः.' धनी सत्तेवर असताना लोक पैशासाठी त्याची सेवा करतात. धनी संकटात सापडला तरी काही मागे राहतात, तो पुन्हा वर येईल या आशेने. पण धनी पुरता संपल्यावरही, काहीएक मिळायचं नसताना, जुन्या उपकारांची आठवण ठेवून जे त्याचं काम ओढतात ते विरळाच. नंदवंश निर्वंश झालाय. राक्षसाला बक्षीस देणारा कुणी उरलेला नाही. 'निःसङ्गया' हा शब्द विशाखदत्ताने उगाच घातलेला नाही.

फटकळरावांना राक्षसाने स्वतःच सातव्या अंकात उत्तर देऊन ठेवलंय. जिंकायची धमक असलेला लायक राजा मिळाला की मंद मंत्र्यालाही नाव मिळतं. नालायक माणसाच्या आश्रयाला गेलं की चोख नीतीचा मंत्रीसुद्धा नदीकाठच्या झाडासारखा कोसळतो, 'कूलजवृक्षवृत्त्या'. पाण्याने काठ आतून खाल्लेला असतो, झाडाला पत्ता नसतो. मलयकेतू म्हणजे तो काठ.

---

फटकळभाऊ

मास्तर, तुमच्यापुढे हात टेकले. पण हे म्हणजे मॅनेजर वाईट होता म्हणून माझं काम फसलं असं सांगण्यासारखं झालं. आमच्या हापिसात असे बरेच राक्षस आहेत.

---

उंबरठा

मी नाटक वाचताना नेहमी बायका शोधते. इथे शोधावंच लागतं. प्रस्तावनेतली नटी आणि द्वारपालिका सोडल्या तर बोलणारी बाई एकच, राक्षसाचा मित्र चंदनदास याची बायको, तीही सातव्या अंकात नवऱ्याला सुळावर नेताना.

पण हे नाटक सुरू होतं एका न दिसणाऱ्या बाईच्या बोटापासून. राक्षसाची बायको आणि लहान मूल चंदनदासाच्या घरी लपलेत. यमपट (यमाची चित्रं काढलेलं कापड) घेऊन गाणी म्हणणाऱ्या चाणक्याच्या हेराला दारात पाच वर्षांचं पोर बाहेर डोकावताना दिसतं, आतून एक हात येऊन त्याला ओढून घेतो, आणि त्या गडबडीत सैल झालेली अंगठी उंबऱ्याबाहेर घरंगळते. नवऱ्याने निरोप घेताना दिलेली. हीच ती मुद्रा. पुढचे सहा अंक या एका निसटलेल्या अंगठीवर चालतात आणि त्या बाईला नाटकात एक वाक्य नाही.

आता धाग्यातल्या प्रश्नाबद्दल. शकटदास फितला असं वाटल्यावर राक्षस काय म्हणतो ते मूळात बघा : 'स्मृतं स्यात्पुत्रदारस्य विस्मृतस्वामिभक्तिना.' स्वामिभक्ती विसरून याला बायकापोरं आठवली असतील! हे कोण म्हणतंय? जो स्वतःची बायकापोरं दुसऱ्याच्या दारात ठेवून निघून आलाय तो. बायकापोरं आठवणं हा त्याच्या लेखी फितुरीचा पुरावा आहे, कारण ती न आठवण्यावर त्याची स्वतःची निष्ठा उभी आहे. त्याने शकटदासाला चुकीचं ओळखलं असं मला वाटत नाही. स्वतःला ज्याची भीती वाटते तेच त्याने शकटदासाच्या अंगाला चिकटवलं.

---

कुसुमपुरकर

उंबरठा, तो श्लोक माझ्याही डोळ्यांखालून गेला होता. वाचला नव्हता असंच आता म्हणावं लागेल.

---

तंजावरवारी

अवांतर, पण मराठी माणसांना आवडेल असं. या नाटकावरची सगळ्यांत जास्त वापरली गेलेली टीका (म्हणजे भाष्य) धुंडिराजाची, आणि ती लिहिली गेली १७१३ च्या सुमारास, तंजावरला, सरफोजी भोसल्यांच्या काळात. चंद्रगुप्त हा मुरा नावाच्या स्त्रीच्या वंशातला म्हणून मौर्य, ही गोष्ट आज सगळे सांगतात. ती मूळ नाटकात नाही, धुंडिराजाने टीकेच्या आधी जोडलेल्या उपोद्घातात आहे. आणि छापील आवृत्त्यांत ज्या आवृत्तीवाचून पुढच्या कुणाचं पान हललं नाही ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांची, मुंबई संस्कृत मालेतली. तेच तेलंग, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले. एका मंत्र्याच्या खोट्या पुराव्यावरच्या खटल्याचं नाटक भावी न्यायमूर्तीने संपादावं, हे मला फार आवडतं.

---

निवृत्त_मास्तर

तंजावरवारी, उत्तम. त्या उपोद्घातामुळे एक मुद्दा मात्र झाकोळला जातो. मुरा असो नसो, चंद्रगुप्त नंदांच्याच रक्ताचा आहे हे नाटकातली माणसं गृहीत धरतात. चौथ्या अंकात भागुरायण मलयकेतूच्या मनात हेच विष कालवतो : राक्षसाचं वैर चाणक्याशी आहे, चंद्रगुप्ताशी नाही. उद्या चाणक्य बाजूला झाला तर 'शेवटी हाही नंदवंशाचाच' म्हणून राक्षस तिकडे जाईल. पाचव्या अंकात मलयकेतू तेच तोंडावर फेकतो : 'मौर्योऽसौ स्वामिपुत्रः', तो तुझ्या धन्याचा मुलगा, मी नुसता तुझ्या मित्राचा.

गंमत अशी की हा आरोप खोटा असला तरी त्यातला तर्क खोटा नाही. शेवटी घडतं ते अगदी हेच.

---

खलबत्ता

मग सरळ विचारतो. शेवटी चंद्रगुप्ताचं मंत्रिपद घेतलं ते इमान की बेइमानी? ज्यांनी धन्याचं कुळ बुडवलं त्यांच्याच हातून मंत्रिपदाचं शस्त्र घ्यायचं आणि आपण त्याला थोर स्वामिभक्त म्हणायचं?

---

अर्धा_कौटिल्य

खलबत्ता, उत्तराआधी कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'कडे एक चक्कर मारू. पहिल्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायात अमात्यांना पारखायच्या चार उपधा आहेत : धर्म, अर्थ, काम, भय. बडतर्फ केल्याचं सोंग घेतलेला पुरोहित, तसाच सेनापती, अंतःपुरात विश्वास मिळवलेली परिव्राजिका, आणि भयासाठी नावेतल्या सहलीचं निमित्त करून सगळ्यांना एकदम कैद. यातून जो फुटत नाही तो शुद्ध. (रा. प. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी केलेली आवृत्ती घरात असेल तर जरूर काढा.)

आता नाटकात या परीक्षा कुणाच्या होतात बघा. पहिल्या अंकात चाणक्य चंदनदासाला पैसाही दाखवतो, मरणही. तो म्हणतो, अमात्यांची माणसं माझ्या घरी असती तरी दिली नसती, नसताना कुठून देऊ? चाणक्य मनातल्या मनात त्याला शिबीच्या पंक्तीला बसवतो आणि वरून तुरुंगात टाकतो. राक्षसाला मात्र यातली कुठलीच परीक्षा लागत नाही, कारण लोभ आणि भय त्याच्यावर चालणार नाहीत हे चाणक्याला आधीच ठाऊक आहे. त्याच्यासाठी पाचवी उपधा लागते, ती ग्रंथात नाही : मैत्री.

आणि त्याच अध्यायात कौटिल्य बजावतो की परीक्षेच्या नादात शुद्ध माणूस बिघडवू नये, पाण्यात विष कालवल्यासारखं होतं ते. भागुरायणाने मलयकेतूकडून राक्षसाची जी 'परीक्षा' घेववली ती नेमकी तशी आहे. त्या एका दिवसात मलयकेतू आपल्याच बाजूचे पाच राजे मारतो. कुलूत, मलय, काश्मीर, सिंधू आणि पारसीक, प्रत्येकाचा एक. तिघांना खड्ड्यात पुरून, दोघांना हत्तीच्या पायाखाली. चाणक्याने बोटही उचललेलं नाही.

---

खलबत्ता

माहिती छान, पण माझा प्रश्न तसाच राहिला.

---

वासवदत्तेचा_स्वप्नपक्षी

मी मध्ये तोंड घालतो. स्वामिभक्त मंत्री म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे यौगंधरायण येतो, भासाचा. राजा उदयन प्रद्योताच्या कैदेत, तर हा वेड्याचं सोंग घेऊन उज्जयिनीत. पुढे राज्य परत मिळवायला मगधाची मदत हवी, म्हणून लावाणक गावाला आग लावून राणी वासवदत्ता जळाली अशी आवई उठवतो, तिला मगधाची राजकन्या पद्मावती हिच्याकडे ठेव म्हणून ठेवतो आणि तिच्याशीच राजाचं दुसरं लग्न होऊ देतो. राजा रडून अर्धा झालाय आणि हा गप्प! शेवटी उघड झाल्यावर राजाच्या पायावर पडतो.

म्हणजे यौगंधरायण धन्याशी खोटं बोलतो, धन्यासाठी. त्याला ते जमतं कारण धनी जिवंत आहे, पुढे कधीतरी पाय धरता येतील. राक्षसाला पाय धरायला कुणी नाही. मेलेला धनी क्षमा करत नाही आणि 'आता पुरे' असंही म्हणत नाही. अशी निष्ठा थांबणार तरी कुठे?

---

उंबरठा

'आता पुरे' हे सांगायला कुणीतरी जिवंत माणूस लागतं. ते काम चंदनदासाने केलं. स्वतः न सांगता.

---

कुसुमपुरकर

खलबत्ता, तुमच्या प्रश्नाला मी माझ्यापुरतं उत्तर देतो. पटेलच असं नाही.

सहावा अंक परत वाचा. मलयकेतूने हाकलल्यावर राक्षस एकटा पाटलीपुत्राच्या जुन्या बागेत येतो. ओसाड झालेली, तळं आटलेली, नंदांच्या दिवसांतली बाग. तिथे तो दोरवाला माणूस गोष्ट सांगतो : माझा मित्र जिष्णुदास आगीत उडी घेणार आहे, कारण त्याचा मित्र चंदनदास सुळावर चाललाय, आणि चंदनदास सुळावर चाललाय कारण तो त्याच्या मित्राची बायकापोरं देत नाही. मित्रासाठी मित्र, त्याच्यासाठी आणखी मित्र, अशी साखळी. राक्षस तलवार उपसतो. तर तो माणूस म्हणतो, तलवार दिसली तर घात होईल. शकटदास पळाल्यापासून मारेकरी इतके धास्तावलेत की कुणी हत्यारी माणूस येताना दिसला तर कैद्याला आधीच उडवतात. तेव्हा राक्षस तलवार टाकून देतो आणि रिकाम्या हाताने निघतो.

माझ्या मते निर्णय इथेच झाला. सातव्या अंकात चाणक्य शस्त्र पुढे करतो आणि अट घालतो की हे घेतलंत तर चंदनदास वाचेल, तो फक्त कागदी व्यवहार. राक्षस म्हणतो, 'नमः सर्वकार्यप्रतिपत्तिहेतवे सुहृत्स्नेहाय. का गतिः. एष प्रह्वोऽस्मि.' सगळं करायला लावणाऱ्या या मित्रप्रेमाला नमस्कार, इलाज नाही, वाकलो. तो चंद्रगुप्तापुढे वाकलेला नाही आणि चाणक्यापुढेही नाही. आणि मंत्री झाल्यावर पहिली विनंती काय करतो? मलयकेतूला सोडा. ज्याने त्याला चोर ठरवून हाकललं त्याला. मलयकेतूला बापाचं राज्य परत मिळतं.

बेइमानी म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण 'स्वामिनिष्ठेचा विजय' असं गाइडात छापतात तेही मला पटत नाही. नंद त्या दिवशी दुसऱ्यांदा मेले, आणि या खेपेला राक्षसाने त्यांना जाऊ दिलं.

---

खलबत्ता

हं. पटलं असं नाही म्हणत, पण रात्री परत वाचतो.

---

पडदानशीन

नाटकवाल्यांच्या बाजूने एक. विजया मेहतांनी हे नाटक मराठीत केलं होतं आणि पुढे जर्मन नटांना घेऊनही. आम्ही कॉलेजच्या हौशी मंडळींनी फक्त दुसरा अंक केला होता, मी गारुडी विराधगुप्त. तालमीत कळलं की राक्षसाचं काम चाणक्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. चाणक्याला प्रेक्षकांइतकंच किंवा जास्त माहीत असतं. राक्षसाला प्रेक्षकांपेक्षा कायम कमी माहीत असतं, आणि तरी तो मूर्ख दिसता कामा नये. आमचा राक्षस पहिल्या तालमीत बावळट दिसायचा, दुसऱ्यांदा खलनायक. शेवटी त्याने ऐकण्यावर काम केलं. मी बातमी सांगायचो आणि तो नुसता ऐकायचा.

चौथ्या अंकात राक्षस स्वतःची तुलना नाटककाराशी करतो. छोटं बीज टाकायचं, ते वाढवायचं, पसरलेलं सगळं पुन्हा आवरायचं, हे कष्ट एक तर नाटक लिहिणाऱ्याला माहीत किंवा आमच्यासारख्याला. आणि हे म्हणताना तो दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या नाटकात उभा आहे! आमच्या प्रयोगात हे वाक्य नव्हतं. अजून हळहळ वाटते.

---

फटकळभाऊ

मी पण रात्री वाचलं. (भाषांतर. मास्तर, रागावू नका.) मुंग्यांचं विधान मागे घेत नाही, पण शकटदासाचं डोक्यातून जात नाहीये. शेवटी त्याचं काय होतं? कुणी माफी वगैरे मागतं का त्याची?

---

निवृत्त_मास्तर

रागावत नाही हो, वाचलंत ना. सातव्या अंकात चाणक्य एकेक डाव उलगडून सांगतो : हा दागिन्यांचा व्यवहार माझा, तो सिद्धार्थक माझा, ते पत्र शकटदासाकडून त्याच्या नकळत लिहवलेलं. त्यावर राक्षसाचं एकच वाक्य आहे : 'दिष्ट्या शकटदासं प्रत्यपनीतो विकल्पः.' बरं झालं, शकटदासाबद्दलची शंका फिटली. कंसात रंगसूचना, 'स्वगतम्'.

---

उंबरठा

स्वगत. म्हणजे मनातल्या मनात. आणि शकटदास तिथे नाहीच.

---

फटकळभाऊ

हात्तिच्या.